झोळी, नवार आणि साइन थीटा

पुण्यातल्या आयटीवाल्यांना सध्या कॅम्पिंगचा ज्वर चढलाय. चांगलंच आहे. पण हॅमॉक नावाची वस्तू हजार-दीड हजार मोजून, कुरियरने मागवून, वर तिचे अनबॉक्सिंगचे फोटो काढणं हे काही आपल्याला पटत नाही बुवा. हॅमॉक म्हणजे झोळी. मूळ शब्द कॅरिबियन बेटांवरचा, तिथून स्पॅनिश खलाशांनी युरोपात नेला वगैरे सगळं खरं. पण आपल्याकडे निम्मा महाराष्ट्र झोळीतच लहानाचा मोठा झालाय.

माझं आजोळ जिंतूर तालुक्यातलं, त्यामुळे कॅम्पिंग म्हटलं की मला येलदरीच आठवतं. पूर्णा नदीवरचं, १९६८ साली पूर्ण झालेलं, चार किलोमीटरहून लांब मातीचं धरण आणि पायथ्याशी २२.५ मेगावॅटचं वीजघर. लोणावळ्यासारखी भज्यांची रांग तिथे नाही. धरणावर मुक्काम करू देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. ओळखीच्या कुणाचं शेत असेल तर मालकाला विचारून बांधावर पसरायचं. नदीपात्रातल्या झाडांना मात्र झोळी कधीच बांधू नका. वीजघर चालू झालं किंवा दरवाजे उघडले की खाली सिद्धेश्वर धरणाकडे पाणी सुटतं, आणि पाण्याला तुमची झोप दिसत नाही.

आता तुम्ही म्हणाल, तंबू काय वाईट? वाईट नाही, पण एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यात तंबूत झोपून बघा, भट्टी होते. उघड्यावर जमिनीवर झोपावं तर मण्यार. हा साप रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्यांनाच बहुतेक चावतो, आणि चावा इतका बारीक की बऱ्याचदा झोपेत कळतही नाही. जमिनीपासून दीड-दोन फूट वर, मच्छरदाणीत झोपणं ही आपल्या भागात चैन नव्हे.

तर कृती. कापडाच्या दुकानात जाडसर मांजरपाट मागा, तीन मीटर लांब आणि पन्हा दीड मीटरचा. पन्हा कमी असेल तर दोन पट्टे लांबीत जोडून शिंप्याकडून दुहेरी शिलाई मारून घ्या. दोन्ही टोकांना साडीच्या निऱ्या घालतात तशा निऱ्या घाला, चुण्या एकसारख्या आल्या पाहिजेत. मग टोक वीतभर उलटं दुमडून त्याच्या मानेवर दोरीचा फास आवळा, म्हणजे भार आला की फास आणखी घट्ट होतो आणि कापड निसटत नाही. जुनी सुती साडी दुहेरी करूनही चालेल, पण उजेडात धरून बघा. विरलेली दिसली तर तिची गोधडीच बरी.

झाडाला थेट दोरी बांधू नका. दोरी सालीत रुतते आणि झाडाचा जिवंत थर सालीच्या लगेच खालीच असतो. इथे आपली नवार उपयोगी पडते, जुन्या पलंगांना विणायचे ती रुंद पट्टी. परदेशी साइटवर हीच वस्तू ‘ट्री स्ट्रॅप’ म्हणून मिरवते! झाड कडुनिंबाचं किंवा चिंचेचं, मांडीपेक्षा जाड. शेवगा आणि गुलमोहर ठिसूळ, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे आपण फर्स्ट इयरला मेकॅनिक्समध्ये शिकलो आणि परीक्षेनंतर विसरलो. झोळी ताणून सपाट बांधायची नाही. प्रत्येक दोरीतला ताण म्हणजे वजन भागिले दोन साइन थीटा. माणूस ७० किलोचा आणि दोरी आडव्याशी ३० अंशांत असेल तर प्रत्येक बाजूला ताण ७० किलो. १० अंशांत २०० किलो. ५ अंशांत ४०० किलो! म्हणजे जितकी टापटीप बांधाल तितकी तुटायची शक्यता जास्त. चांगला झोल द्या आणि आत तिरके झोपा, पाठ सरळ राहते. पहिल्यांदा धान्याचं पोतं ठेवून बघा, मग स्वतः बसा.

हिवाळ्यात मात्र पंचाईत. परभणीकडे पारा एक आकडी होतो आणि झोळीखालून वारा खेळतो. आत पांघरूण अंथरून उपयोग नाही, अंगाखाली दबलं की त्यातली हवा जाते आणि ऊब संपते. वाकळ बाहेरून, झोळीच्या पोटाला टेकेल अशी चार दोऱ्यांनी टांगायची.

हे सगळं आजीला सांगितलं तर ती म्हणेल, यात काय नवीन? बाभळीच्या दोन फांद्यांना लुगडं बांधून आत लेकरू टाकायचं नि निंदायला लागायचं. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका आजही हेच करतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, आणि झोळीतलं मूल कुठल्याच हिशोबात नाही. ५० वा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सक्ती २०१७ च्या दुरुस्तीने आली, त्यामुळे आमच्या हिंजवडीच्या ऑफिसांत रंगीत भिंतींची पाळणाघरं निघाली. मुकादमाच्या टोळीपर्यंत ते काही पोचलेलं दिसत नाही. तेव्हा झोळीत पडून ‘मिनिमलिस्ट लाइफ’वर कुणी पोस्ट टाकली की माझं डोकं फिरतं. त्या बाईने झोळी साधेपणाची आवड म्हणून बांधलेली नसते, मूल ठेवायला दुसरी जागा नसते म्हणून बांधलेली असते.

असो. हौसेने झोपायला माझी काही हरकत नाही, मीही झोपतोच. फक्त उठल्यावर नवार सोडून घ्या, शेताच्या मालकाला सांगून निघा, आणि मांजरपाट ओला असेल तर घडी घालू नका. दोन दिवसांत बुरशी धरते.