दिव्यातले ऊन आणि शिवारातले ऊन



मुंबईच्या विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या बॅगांत गांजा सापडल्याच्या बातम्या २०२४ पासून सारख्या येत आहेत. हा गांजा शेतात पिकलेला नाही. मातीशिवाय, बंद खोलीत, विजेच्या दिव्यांखाली तो वाढवलेला आहे. कस्टम खाते त्याची किंमत किलोला सुमारे १ कोटी रुपये धरते. अशी बातमी वाचली की पारावर बसलेल्या पोरांचा हिशेब सुरू होतो : कापसाला क्विंटलमागे काय पडते आणि याला किलोमागे काय पडते! हा हिशेब कुजबुजत करण्यापेक्षा बैठकीत उघड मांडून तपासलेला बरा.

खोलीत पीक घेणाऱ्याची पहिली अडचण उन्हाची. दिवस आणि रात्र तो बटणाने ठरवतो. वाढीच्या काळात १८ तास उजेड, फुलोऱ्यासाठी १२ तास उजेड आणि १२ तास गच्च अंधार. पण नेहमीच्या दिव्यांत अतिनील किरण जवळजवळ नसतात आणि त्यातले तीव्र किरण खिडकीची काचही अडवते. म्हणून काही जण अतिनील किरणांच्या वेगळ्या नळ्या लावतात. समज असा की, हे किरण लागले की झाड बचावासाठी कळ्यांवर जास्त राळ सोडते. नशेचे द्रव्य, म्हणजे टीएचसी, त्या राळेतच असते.

हा समज अगदीच हवेतला नाही. १९८७ साली अमेरिकेतील मेरीलँडच्या शास्त्रज्ञांनी काचघरातला प्रयोग प्रसिद्ध केला. अतिनील किरणांनी नशेच्या वाणात टीएचसी वाढले. वाखाच्या वाणात वाढले नाही. पण २०२१ साली कॅनडातील ग्वेल्फच्या शास्त्रज्ञांनी आजच्या वाणांवर बंद खोलीत प्रयोग केला, तेव्हा ना उतारा वाढला, ना टीएचसी. किरण वाढवले तशी पाने मात्र बिघडली. आणि नळीखाली काम करणाऱ्या माणसाचे काय? उघड्या डोळ्यांनी वेल्डिंग पाहिल्यावर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते, ते याच किरणांमुळे. कातडीही भाजते.

विजेचा हिशेब त्याहून मोठा. २०२१ सालीच अमेरिकेतील कोलोरॅडोच्या अभ्यासकांनी तो मांडला : खोलीत पिकलेल्या एका किलो सुक्या गांजामागे २ ते ५ टन कार्बन वायू हवेत जातो. दिवे, पंखे आणि वातानुकूलन यांचा हा खर्च. आपल्याकडे रात्री मोटारीपुरती वीज मिळताना मारामार!

आता आपले ऊन पाहा. परभणीत मेच्या मध्यास आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, काठीची सावली काठीच्या बुडाशी जाते. कॅनडाच्या शिवारात असा दिवस कधीच उगवत नाही. तिकडे जे किरण नळ्यांतून विकत घ्यावे लागतात, ते आपल्या कापसावर आणि ज्वारीवर फुकट पडतात. याचे बिल येत नाही. म्हणजे आपल्याकडे उणीव उन्हाची नाही. ते वापरण्याच्या परवानगीची आहे.

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजाच्या झाडाची लागवड बंद केली. कलम २० खाली १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. कलम ४६ असे की, आपल्या शेतात हे झाड असल्याचे माहीत असून जमीनधारकाने कळवले नाही तर तोही गुन्हेगार. बटईने दिले होते म्हणून सुटका नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये मोहोळ तालुक्यातील एका शेतकऱ्याने, दुसरे कोणतेच पीक परवडत नाही म्हणून, २ एकरांत गांजा लावण्याची परवानगी सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे मागितली. पोलिसांनी तो प्रसिद्धीचा खटाटोप ठरवला. पण असा अर्ज लिहिण्याची पाळी माणसावर का येते, हे कोणी विचारले नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. तुरीच्या ओळीत लपवून चार झाडे लावणे हे आंदोलन नव्हे. २०१९ च्या जूनमध्ये अकोट तालुक्यात अकोली जहांगीरला बंदी असलेले कापूस बियाणे पेरले गेले ते जाहीर करून, भर दिवसा. लपवलेल्या पिकाचा पैसा दलाल नेतो आणि तुरुंगात जातो तो सातबारावाला. एक झाडही लावू नका.

पण त्याच कायद्यात एक दार आहे. कलम १४ प्रमाणे केवळ वाख किंवा बी यासाठी लागवडीची परवानगी सरकार देऊ शकते. उत्तराखंडने २०१८ साली ते दार उघडले, टीएचसी ०.३ टक्क्याच्या आत हवे अशी अट घातली. २०२१ साली खाद्यसुरक्षा प्राधिकरणाने या बियांना, तेलाला आणि पिठाला अन्न म्हणून मान्यता दिली.

मग उद्याच पेरायचे का? नाही. वाख काढायचा तर पीक पाण्यात कुजवावे लागते. अंबाडी कुजवलेल्यांना त्याला किती पाणी आणि किती कंबर लागते ते माहीत आहे. शिवाय टीएचसी मुख्यतः वाणावर ठरत असले तरी हवामानाने खालीवर होते. हिमालयात ०.३ टक्क्याच्या आत बसलेले वाण आपल्या उन्हात तसेच राहील याची हमी कोण देणार? मर्यादा ओलांडली की वाखाचे पीक गांजा ठरते आणि शेतकरी आरोपी.

म्हणून तालुक्याच्या बैठकीत ठराव करा. पहिला : राज्य सरकारने वाख आणि बियांच्या लागवडीचे नियम करावेत. दुसरा : त्याआधी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात कोरडवाहू जमिनीवर, उघड्या उन्हात, सलग तीन हंगाम चाचणी घ्यावी आणि उतारा, पाणी, टीएचसी व उत्पादनखर्च यांचे आकडे शेतकऱ्यांपुढे ठेवावेत. तिसरा : प्रमाणित बियाण्याने पेरूनही टीएचसी वाढले तर जबाबदारी बियाणे देणाऱ्याची असावी, पेरणाऱ्याची नव्हे.

आकडे तोट्याचे निघाले तर आपण हे पीक सोडून देऊ. पण तो निर्णय आकडे पाहून शेतकऱ्याने घ्यावा.