संशोधकाचें नांव

आमच्या नाशकाजवळील देवळालींत कै. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनीं १९३० पासून १९६२ पर्यंत शाळेंत अध्यापन केलें. सर्व आंकडे सारखे नसलेली कोणतीही चार आंकडी संख्या घ्यावी. तिचे आंकडे उतरत्या व चढत्या क्रमानें मांडून वजाबाकी करीत जावें. फार तर सात खेपांत ६१७४ हातीं येते. ३५२४ घेतल्यास ३०८७, मग ८३५२, आणि तिसऱ्या खेपेस ६१७४! वाचकांनीं पाटीवर करून पाहावें. हा शोध त्यांनीं १९४९ सालीं विद्वानांपुढें मांडला. परंतु त्यांचें पुष्कळसें लेखन लहानसहान नियतकालिकांत व स्वतः छापविलेल्या पुस्तिकांत विखुरलेलें होतें. १९७५ सालीं मार्टिन गार्डनर यांनीं ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकांत त्यांजविषयीं लिहिलें, तेव्हां कोठें जगभर त्यांचें नांव झालें. मध्यें सव्वीस वर्षें गेलीं.

खऱ्या विद्वानानें स्वतःची टिमकी वाजवूं नये, असें कोणी म्हणतील. टिमकी वाजवूं नये हें आम्हांसही मान्य आहे. पण आपलें काम कोठें सांपडेल याची नोंद ठेवणें म्हणजे टिमकी नव्हे. खतावणी ठेवणाऱ्या दुकानदारास कोणी बढाईखोर म्हणत नाहीं. २०१२ पासून ‘ऑर्किड’ ही संस्था संशोधकास सोळा स्थळांचा ओळखक्रमांक विनामूल्य देत आहे. त्याखालीं आपले निबंध इंटरनेटवर नोंदवितां येतात. जोशी, पाटील, कुलकर्णी यांनीं भरलेल्या आमच्या मुलखांत तर आद्याक्षरें जुळलीं कीं एकाचें श्रेय दुसऱ्याच्या खातीं पडतें. आपल्या निबंधांचा उल्लेख कितीजणांनीं केला याचे आंकडे मिरविण्याची जी चाल पडली आहे, ती मात्र आम्हांस मुळींच रुचत नाहीं.

मुलींच्या बाबतींत अडचण दुहेरी. डॉ. कमला सोहोनी यांनीं १९३९ सालीं केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली. वनस्पतींतील सायटोक्रोमविषयींचा रॉबिन हिल यांच्यासह लिहिलेला निबंध भागवत या माहेरच्या नांवानें आहे, आणि १९४७ च्या विवाहानंतरचें कार्य, नीरेवरील सुप्रसिद्ध संशोधनासुद्धां, सोहोनी या नांवानें. एकच नांव धरून शोधणाऱ्यास अर्धी विदुषी सांपडावयाची! वरील क्रमांकाखालीं दोन्ही नांवें एकत्र राहतात.

क्रमांकाची वेळ पुढें येईल. नांवाची वेळ आजच आहे. शाळेच्या दाखल्यावर रोमन लिपींत एक वर्णलेखन, आधारपत्रावर दुसरें, असा घोळ घरोघर आहे. शालान्त परीक्षेचा अर्ज भरतांना पालकांनीं तीं जुळवून पाहावींत.