परभणीची विविधता आणि न्यायाचा प्रश्न

१५ डिसेंबर २०२४ हा आगमनकाळातील तिसरा रविवार होता. त्या दिवशी पवित्र मिस्सामध्ये संत लूककृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायातील उतारा वाचण्यात आला. आम्ही काय करावे, असे लोक बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात. जकातदारांनंतर शिपाईही तोच प्रश्न करतात. कोणावर जुलूम करू नका, खोटा आरोप घेऊ नका, आपल्या वेतनात समाधान माना, असे योहान त्यांना बजावतो. हा उतारा आपल्या चर्चमधून वाचला गेला त्याच दिवशी परभणीत सोमनाथ सूर्यवंशी या ३५ वर्षांच्या विधी शाखेच्या विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला.

घटनाक्रम वाचकांच्या स्मरणात असेल, तरी थोडक्यात सांगतो. १० डिसेंबर रोजी, म्हणजे मानवी हक्क दिनीच, परभणी रेल्वे स्थानकासमोरील डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याजवळ असलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची एका इसमाने नासधूस केली. दुसऱ्या दिवशी बंद पुकारण्यात आला. बंदला हिंसक वळण लागले. दुकाने व वाहने यांची हानी झाली, जिल्हाधिकारी कार्यालयातही मोडतोड झाली. ज्यांची दुकाने फुटली त्यांचे नुकसान खरे आहे आणि त्याचे समर्थन करता येत नाही. मात्र त्यानंतर पोलिसांनी दलित वस्त्यांत घरोघरी जी शोधमोहीम चालविली, तिच्यात स्त्रियांनाही मारहाण झाल्याच्या तक्रारी पुढे आल्या. याच धरपकडीत सोमनाथला अटक झाली. दोन दिवसांची पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी, मग मृत्यू. दुसऱ्या दिवशी, १६ डिसेंबरला, आंबेडकरी चळवळीतील ज्येष्ठ कार्यकर्ते विजय वाकोडे यांचेही हृदयविकाराने निधन झाले.

परभणी जिल्हा औरंगाबाद धर्मप्रांतात मोडतो. तेथील विविधतेविषयी बोलताना आपण नेहमी चांगल्या गोष्टी सांगतो, आणि त्या खऱ्याही आहेत. गंगाखेड ही संत जनाबाईंची भूमी. नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबणाऱ्या या स्त्रीने मराठी भक्तिपरंपरेत स्वतःचे स्थान निर्माण केले. नामदेवांचे नरसी गावही १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होते. जिंतूरजवळच्या नेमगिरीवर जैनांची लेणी आहेत. परभणीत हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस दरवर्षी फेब्रुवारीच्या आरंभी भरतो, तेव्हा नवस फेडायला येणाऱ्यांची जात वा धर्म कोणी विचारत नाही. निजामाच्या राजवटीत येथे उर्दू आणि मराठी शेजारी शेजारी नांदल्या.

परंतु उरुसात खांद्याला खांदा लावून चालणे आणि पोलीस ठाण्यात समान वागणूक मिळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आपल्याकडे शतकानुशतके आहे. दुसरी अद्याप यावयाची आहे. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात संमत झाला, तेव्हा याच मराठवाड्यात दलितांची घरे जाळण्यात आली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडले. २१ नोव्हेंबर २००३ रोजी, शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी, परभणीच्या मोहम्मदिया मशिदीत बॉम्बस्फोट झाला व अनेक जण जखमी झाले. पुढच्या वर्षी २७ ऑगस्टला पूर्णा आणि जालना येथील मशिदींत स्फोट झाले. खटले चालले आणि आरोपी निर्दोष सुटले. मग बॉम्ब ठेवले कोणी? जिल्ह्याने शांतता राखली याचे कौतुक झाले. ज्यांना इजा झाली त्यांना या प्रश्नाचे उत्तर मात्र मिळाले नाही. शांतता आणि न्याय यांची अशी फारकत करण्याची आपल्याला सवय जडली आहे, असे आमचे मत आहे.

सोमनाथ वडार समाजातला होता. पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडणारा, विहिरी खणणारा, घरे बांधणारा हा समाज. इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्यान्वये अनेक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरविले. तो शिक्का १९५२ साली अधिकृतपणे पुसला गेला. महाराष्ट्रात वडारांची गणना विमुक्त जातींत होते. कर्नाटकात मात्र वड्डर, भोवी हे अनुसूचित जातींत आहेत. सीमा ओलांडली की त्याच माणसाचे हक्क बदलतात. अशा समाजातला एक तरुण कायदा शिकतो आणि संविधानाच्या अवमानाने व्यथित होऊन रस्त्यावर उतरतो, ही आम्हाला साधी बाब वाटत नाही. संविधान हे एकाच समाजाचे दैवत आहे, असे खासगीत म्हणणाऱ्या आपल्यातील काहींनी तरी याचा विचार करावा.

मृत्यूनंतर जे घडले ते अधिक बोलके आहे. सोमनाथला श्वसनाचा विकार होता, कोठडीत त्याचा छळ झालेला नाही, असे मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले. छत्रपती संभाजीनगर येथे झालेल्या शवविच्छेदनात मात्र अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याचा उल्लेख होता. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालातही पोलिसांवर ठपका ठेवण्यात आला. कुटुंबाने १० लाख रुपयांची शासकीय मदत नाकारली. आई विजयाबाई सूर्यवंशी उच्च न्यायालयात गेल्या, अॅड. प्रकाश आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली. ४ जुलै २०२५ रोजी औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला. शासनाने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, ती ३० जुलैला फेटाळली गेली. त्यानंतर अज्ञात पोलिसांविरुद्ध गुन्हा दाखल झाला. ज्या कोठडीत प्रवेश करणाऱ्या प्रत्येकाची नोंद होते, तेथील आरोपी अज्ञात!

आपण कॅथलिक या विषयाला परके नाही. येशूसंघीय धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी यांना ८ ऑक्टोबर २०२० रोजी अटक झाली. ८४ वर्षांचे, कंपवाताने ग्रासलेले हे वृद्ध तळोजा कारागृहात होते. ५ जुलै २०२१ रोजी, जामिनाचा अर्ज प्रलंबित असतानाच, वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात त्यांचे निधन झाले. नावावरचा आरोप पुसला जावा म्हणून सहकारी धर्मगुरूंना त्यांच्या मृत्यूनंतरही न्यायालयात जावे लागले. तेव्हा आपल्या धर्मग्रामांतून प्रार्थना झाल्या, मेणबत्त्या लावल्या गेल्या. सोमनाथसाठी किती ठिकाणी लागल्या?

मराठवाड्यातील आपले बहुसंख्य श्रद्धावंत दलित समाजातूनच आलेले आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना व १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती व मुस्लिम दलितांना नाही. त्यामुळे एकाच गल्लीतील बौद्ध भाऊ अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली तक्रार करू शकतो, त्याचा ख्रिस्ती चुलत भाऊ करू शकत नाही. शिवी मात्र दोघांना एकच मिळते. आपली ही मागणी रास्त आहे, परंतु ती एकट्याने लढता येणार नाही. वडार, बौद्ध, मातंग, मुस्लिम यांच्या दुःखाच्या वेळी आपण घरात बसलो, तर आपल्या मोर्चात त्यांनी का यावे?

सोमनाथच्या खटल्यातून एक मूलभूत प्रश्न न्यायालयापुढे आला आहे. कोठडीतील मृत्यूची दंडाधिकाऱ्यांनी चौकशी करावी, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ मध्ये आहे. पण चौकशीत पोलीस दोषी आढळले तर पुढे काय करावयाचे, गुन्हा कोणी नोंदवावयाचा, तपास कोणी करावयाचा, याविषयी कायदा मौन बाळगतो. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १४ ऑक्टोबर १९९७ रोजी स्वाक्षरी केली. त्याला अनुमोदन अद्याप दिलेले नाही. ही पोकळी भरून निघेपर्यंत कोठडीत मरण पावलेल्या प्रत्येकाच्या आईला विजयाबाईंप्रमाणे उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागेल, आणि ती चढणे प्रत्येकीला शक्य होणार नाही.