आधी आकाश, मग वही



तिसरीतल्या एका मुलीनं होडीसारखा आडवा चंद्र काढला. "चंद्रकोर अशी असते का गं?" म्हणत मी तिला तो खोडायला लावलं. त्याच संध्याकाळी फाल्गुनातली द्वितीया होती. सहज पश्चिमेला पाहिलं, तर काय, कोर खरंच आडवी! दुसऱ्या दिवशी मी सगळ्या वर्गासमोर तिची माफी मागितली.

मग मुलांना मारिया क्लारा आयमार्टची गोष्ट सांगितली. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गची ही मुलगी वडिलांच्या वेधशाळेत दुर्बिणीतून चंद्र बघे आणि निळ्या कागदावर रंगीत खडूंनी रेखाटे. १६९३ ते १६९८ या काळात तिनं चंद्राची साडेतीनशेच्या आसपास चित्रं काढली!

तुम्हीही येत्या द्वितीयेपासून पौर्णिमेपर्यंत रोज चंद्र काढा. पण हं, पाहून काढायचा. आणि बाई चुकल्या, तर त्यांनाही अंगणात बोलवा!