कुंचल्याचे सोवळे

‘संगणकावर काढलेले ते काय चित्र!’ हे वाक्य अलीकडे मी इतक्या तोंडांतून ऐकले आहे की, त्याला एकदा उत्तर दिलेच पाहिजे. असे म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांची बोटे स्वतः रंगात कधी बुडालेली नसतात, ही गोष्ट सोडून देऊ. पण सोवळे मात्र मोठे कडक! कागद, कुंचला आणि पाण्याची वाटी असली तर ती कला. काचेची पाटी आली की झाला विटाळ!

मी तीस वर्षे जलरंगांत चित्रे काढली आणि आता केस पिकल्यावर काचेच्या पाटीवर श्रीगणेशा गिरवतो आहे. तेव्हा या वादात दोन्ही बाजूंनी बोलण्याचा थोडा अधिकार मला असावा.

पहिला आक्षेप असा, की सगळे यंत्रच करते. करून पाहा, महाराज! साधी पाटी घेतली तर हात टेबलावर फिरतो आणि रेघ समोरच्या पडद्यावर उमटते. जन्मभर हाताच्या मागे गेलेल्या डोळ्याला आता हाताकडे न पाहता चालायला शिकावे लागते. पडद्याचीच पाटी घेतली तर काच गुळगुळीत; कागदाचा खरखरीतपणा हाताला धरून ठेवीत असे, तो आधार गेला. जलरंगांत फिक्याकडून गडदाकडे जायचे आणि पांढरा म्हणजे कोरा राखलेला कागद, हा आमचा धर्म. इथे पांढरा रंग शेवटीसुद्धा वर ठेवता येतो, म्हणून आधी राखून ठेवण्याची शिस्तच डळमळते. निळ्यात पिवळा मिसळला की हिरवा होतो, हे शाळकरी पोरही सांगेल. पडद्यावर मात्र रंग नसतो, तांबडा, हिरवा आणि निळा असा प्रकाश असतो. तिथे तेच दोन रंग सरळ मिसळले की बहुधा राखाडी हाती येतो! चित्र ए-फोर कागदावर नीट छापायचे तर २४८० गुणिले ३५०८ ठिपक्यांचा पट आधीच मांडावा लागतो, आणि पडद्यावर झळाळणारा पोपटी छापखान्याच्या शाईत उतरला की मलूल होतो. चुकलेली रेघ एका बोटाने मागे घेता येते, हे खरे. पण ती चुकली आहे हे कोण सांगणार? त्याला डोळाच लागतो, आणि तो कोणत्याही दुकानात मिळत नाही.

दुसरा आक्षेप परंपरेचा. कोणती परंपरा? मुंबईत जे. जे. कलाशाळा १८५७ साली निघाली आणि आमचे चित्रकार साहेबाच्या पद्धतीने रेखाटन शिकले. तैलरंग परदेशातून आला. तो भरून ठेवण्याची पिळायची नळी एका अमेरिकन चित्रकाराने १८४१ साली काढली, तेव्हा कुठे फ्रान्समधल्या चित्रकारांना उघड्यावर बसून रंगवणे सोपे झाले. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. रंगागणिक वेगळा दगड, एकावर एक छाप, आणि देवादिकांची चित्रे घरोघर! ज्या घरात अशा छापील लक्ष्मीपुढे पिढ्यान् पिढ्या निरांजन ओवाळले गेले, त्या घराने यंत्रातून आलेल्या चित्राला नाक मुरडावे? आणि दिवाळी अंकाच्या वाचकाने तर मुळीच मुरडू नये. दीनानाथ दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ सुरू केले. त्यांच्या रंगांवर महाराष्ट्र लुब्ध झाला तो बहुतांशी छापलेल्या प्रती पाहूनच. मूळ चित्र किती जणांनी पाहिले होते? परदेशातला दाखला हवा असेल तर डेव्हिड हॉकनी घ्या. सारी हयात रंगात घालवलेल्या या माणसाने सत्तरी ओलांडल्यावर २०१० साली आयपॅड हाती धरला, आणि २०१२ साली लंडनच्या रॉयल अकादमीत ती चित्रे तैलचित्रांशेजारी टांगली गेली. त्याचा कुंचला काही बाटला नाही.

हरवते काय, तेही सांगतो. ओल्या कागदावर पाणी स्वतःच्या मर्जीने पसरते आणि चित्रकाराला न सुचलेले देऊन जाते, ते काचेवर नाही. हातात धरावी अशी एकुलती एक प्रतही नाही. म्हणून मी रंगांची पेटी माळ्यावर टाकलेली नाही. पण आंब्यात फणसाचे गरे नाहीत, हा काही आंब्याचा दोष नव्हे.

एक घोटाळा मात्र तोडलाच पाहिजे. चार शब्द लिहून चित्र मागवण्याची यंत्रे आता निघाली आहेत. इतरांच्या असंख्य चित्रांवर ती पोसलेली आहेत. त्यांची वकिली मी करीत नाही. पण तीन रात्री जागून स्वतःच्या हाताने रेघ ओढणाऱ्या पोरीला त्याच रांगेत बसवून ‘संगणकाने काढले ना?’ म्हणणे हा शुद्ध अन्याय आहे. तिने मोबदला मागितला की, ‘दहा मिनिटांचे तर काम!’ म्हणून निम्मे पैसे हातावर ठेवणारे हेच सोवळेकरी असतात. सोवळे असे स्वस्तात पडते, ही त्यातली खरी गोम.

तेव्हा या दिवाळीत घरातल्या एखाद्या मुलाने फराळाच्या वेळी पडद्यावरचे चित्र पुढे केले, तर ‘कशाने काढलेस?’ हे विचारू नका. मनगट नीट वळले आहे का, सावली एकाच बाजूला पडली आहे का, ते पाहा. नसेल तर तसे स्पष्ट सांगा. शिकणाऱ्याला त्याचा राग येत नाही. आणि असेल, तर चकलीचे ताट जरा बाजूला ठेवून ते पुन्हा एकदा पाहा.