शनवार तेली

परधर्मीय शेजाऱ्याशीं आपली पहिली ओळख पुष्कळदां त्याच्या दुकानांत होते. युरोपांतून अमेरिकेंत गेलेल्या यहुदी कुटुंबांनीं तेथें शिजविलेल्या व खारविलेल्या पदार्थांचीं दुकानें थाटलीं. त्यांना ‘डेली’ म्हणतात. बाप, लेक, नातू अशा पिढ्या त्यांच्या गल्ल्यावर बसत आल्या. आपल्या कोंकणांतील यहुदी कुटुंबांचा वडिलोपार्जित धंदा मात्र तेलाच्या घाण्याचा.

हा समाज स्वतःस बेने इस्रायल म्हणवितो. गलबत फुटून अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्यास लागलेलीं सात जोडपीं हे आपले पूर्वज, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. मातृभाषा मराठी, आडनांवें गांवांवरून पडलेलीं: केहिमकर, रोहेकर, पेणकर, दिवेकर. हिब्रू भाषा ते कालांतरानें विसरले होते. तथापि शुक्रवारीं सूर्यास्त झाला कीं घाणा थांबे, तो शनिवारचा सूर्य मावळेपर्यंत फिरत नसे. सोमवारीं विसावा घेणारे हिंदु तेली ते ‘सोमवार तेली’, तसे हे ‘शनवार तेली’. वर्षाकांठीं बावन्न दिवसांची मिळकत सोडणें हातावर पोट असलेल्या कुटुंबास सोपें नव्हे. परंतु ग्रंथांचा आधार नसतां त्यांचा धर्म शतकानुशतकें टिकला तो अशाच नेमांच्या बळावर.

तेलाचा आणि त्यांच्या स्वयंपाकाचाही मेळ चांगला बसला. मांस व दूध एकत्र करावयाचें नाहीं, असा त्यांचा नियम. त्यामुळें सामिष पदार्थांत तूप किंवा दहीं वर्ज्य. तेल आणि नारळाचें दूध चालतें. नववर्षाच्या सणास गव्हाच्या चिकाचा हलवा करतात, तोही नारळाच्या दुधांतच.

अठराव्या शतकांत यांतील कांहीं कुटुंबें मुंबईस येऊं लागलीं. कंपनीच्या पलटणींत अंमलदार असलेल्या सामाजी हसाजी दिवेकर यांनीं 1796 सालीं मांडवी येथें मुंबईंतील पहिलें सिनेगॉग बांधविलें. पुढें शिक्षण आलें, नोकऱ्या मिळाल्या आणि घाणे मागें पडले. 1948 नंतर तर बहुतेक कुटुंबें इस्रायलांत गेलीं. आज गोरेगांवास काय किंवा अलिबागेस काय, तेल बाटलींतून घरीं येतें. ‘शनवार तेली’ हें नांव पुस्तकांत उरलें आहे.

त्या नेमांतील एक गोष्ट मात्र आपल्या घरांतील कर्त्या मंडळींनीं ध्यानांत घेण्याजोगी आहे. यहुदी धर्माज्ञेप्रमाणें सातव्या दिवसाचा विसावा धन्यास आहे, तसाच चाकरास आहे, आणि घाण्याच्या बैलासही आहे. त्या दिवशीं चूल पेटवावयाची नाहीं. अन्न आदल्या दिवशींच रांधून ठेवावयाचें. दहा-बारा माणसांचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या आपल्या सुनेला असा एक तरी दिवस आपण देतों काय? वार कोणताही चालेल. चूल मात्र खरोखर थंड हवी.