राणीमाशीसाठी मशीन घ्यायचं का? माझं मत



डाळिंबाचा बहार जवळ आला की फोन सुरू होतात. या वेळी चार जणांनी एकच विचारलं, "दादा, राण्या तयार करायला इनक्युबेटर कुठला घेऊ?" माझं उत्तर सरळ आहे. विकत घेऊ नका, बनवा. आणि दहाच्या आत पेट्या असतील तर बनवायच्याही भानगडीत पडू नका.

हे मी माझी फजिती झाल्यावर बोलतोय. दोन वर्षांपूर्वी मेहुण्याचं कोंबडीची अंडी उबवायचं मशीन आणलं. त्यात २२ सीलबंद राणीघरं लावली. आकडा ३४.५ दाखवत होता, मी निवांत. बाहेर पडल्या फक्त ५ राण्या. बाकीची घरं फोडली तर आत मेलेल्या. मग वेगळा थर्मामीटर घालून बघितलं. सेन्सर खाली होता, तिथं ३४.५. मी घरं लावली होती वरच्या कप्प्यात, बल्बच्या शेजारी, तिथं ३८ च्या पुढं! चूक मशीनची नव्हती, माझी होती. पण तोवर सहा पेट्या बिनराणीच्या बसल्या होत्या. त्यातल्या दोनमध्ये कामकरी माश्याच अंडी घालायला लागल्या. त्यातून फक्त नर निघतात, म्हणजे पेटी गेल्यातच जमा. बागायतदाराला दिलेला शब्द पाळता आला नाही, ते दुःख वेगळंच.

आता मूळ मुद्दा. इनक्युबेटर नेमकं करतो काय? मेलिफेराची राणी अंड्यापासून १६ दिवसांत बाहेर पडते. आपण एक दिवसाच्या आतली अळी कपात उचलून ठेवतो. त्यानंतर साधारण पाचव्या दिवशी घर सील होतं. सील झाल्यावर तिला खाऊ लागत नाही, फक्त ऊब लागते. ती ऊब आपण दिली तर दाई माश्यांची तगडी पेटी पुढच्या खेपेला मोकळी होते. फायदा एवढाच. राणी दमदार होणार की मरतुकडी, हे त्याआधीच्या पाच दिवसांत ठरलेलं असतं. त्या वेळी दाई माश्या कमी, पराग कमी, तर पन्नास हजाराचं मशीनही काही करू शकत नाही. नर माश्यांचंही तसंच. नराला अंड्यापासून २४ दिवस लागतात, वर वयात यायला दोनेक आठवडे. म्हणून अळ्या उचलायच्या आधीच नरांची तयारी पाहिजे. मशीनमधून राणी निघाली आणि आसपास नरच नाहीत, तर ती काय कामाची?

माझा आत्ताचा डबा असा आहे. मासळीवाल्याकडून आणलेला जाड थर्मोकोलचा खोका. १२ व्होल्टचा डिजिटल थर्मोस्टॅट. मोटरसायकलच्या इंडिकेटरचे १०-१० वॅटचे दोन बल्ब. दोन अशासाठी की एक उडाला तर दुसरा चालू राहतो. बल्बवर पत्र्याचा डबा, म्हणजे थेट झळ लागत नाही. कॉम्प्युटरचा छोटा पंखा हवा फिरवायला. पाण्याने भरलेल्या चार बाटल्या, कारण पाणी ऊब धरून ठेवतं. एका पसरट ताटलीत पाणी, ओलावा ६० टक्क्यांच्या आसपास राहतो. सगळं मिळून दोन हजाराच्या आत बसलं.

१२ व्होल्ट का? आपली लाइट कधी जाते ते तुम्हाला सांगायला नको. बॅटरीच्या फवारणी पंपातली १२ व्होल्ट, ८ अँपिअरची बॅटरी चांगली असेल तर दोन्ही बल्ब सलग पेटले तरी चारेक तास निघतात. वर वाकळ टाकली की अजून ओढतं, फक्त हवेची भोकं झाकू नका.

अंड्याचं मशीन असेलच तर तेही चालतं, पण चार गोष्टी करा.

१) ३७.५ हे अंड्याचं तापमान आहे. राणीला ३४ ते ३५ पाहिजे.
२) अंडी फिरवायची मोटर बंद करा. अंडं फिरवावं लागतं, राणीघर अजिबात नाही. ते टोक खाली करून उभंच राहिलं पाहिजे.
३) सेन्सर राणीघरांच्या उंचीवर बांधा. दोन दिवस रिकामं चालवून बघा, मगच घरं लावा.
४) प्रत्येक घराला वेगळा पिंजरा द्या, केसांचे प्लास्टिकचे रोलरही चालतात. पहिली निघालेली राणी बाकीच्यांना जिवंत ठेवत नाही. पिंजऱ्यात मधाचा एक थेंब ठेवा.

घरं हलवायची तर सील झाल्या झाल्या, नाहीतर थेट नवव्या-दहाव्या दिवशी. मधल्या दिवसांत धक्का नको. आणि एप्रिल-मे मध्ये हा उद्योग करू नका. खोलीतच ४० असेल तर थर्मोस्टॅट बल्ब बंद करेल, गार कसं करेल?

शेवटचं, आणि थोडं कडू. प्रशिक्षणात पेटी उघडायला शिकवतात, मध काढायला शिकवतात. राणी तयार करणं मात्र शेवटच्या तासाला उरकतात. मग आपण दरवर्षी बाहेरून वसाहती आणतो आणि पैसे घालवतो. माझं म्हणणं, गावोगावच्या पाच-सहा मधपाळांनी मिळून एक डबा करावा. एकाने अळ्या उचलाव्यात, एकाने नर वाढवावेत, राण्या वाटून घ्याव्यात. प्रत्येकाने वेगळं मशीन घेऊन कोपऱ्यात धूळ खात ठेवण्यापेक्षा हे बरं.

कुणाचा अनुभव वेगळा असेल तर जरूर सांगा. फसलेला असेल तर आधी सांगा, त्यातूनच जास्त शिकायला मिळतं.